जुनं सोनं मोडताना: आधी काय, नंतर काय

सोनं मोडायला आलेला माणूस पेढीच्या पायऱ्या चढता चढताच विचारतो, ‘भाऊ, आज भाव कितला शे?’ भाव तर सकाळच्या पेपरात असतो, मोबाइलवर असतो, त्यात सहसा कोणी फसवत नाही. पैसे जातात ते वजनात, टंचात आणि कपातीत. त्याहून जास्त जातात ते कामं उलट्या क्रमानं केल्यामुळे. डागिना आधी मुशीत, म्हणजे सोनं वितळवायच्या भांड्यात, गेला आणि हिशेब नंतर झाला, की बोलायला तोंडच राहत नाही.

जळगावच्या सराफ बाजारात जा, धुळ्याला जा, नाहीतर शहादा-शिरपूरला ओळखीच्या सोनाराकडे जा. खाली दिलेला क्रम मोडू नका. एक शब्द आधी नीट समजून घ्या, तो म्हणजे टंच. शंभर भाग धातूत शुद्ध सोनं किती, तो टंच. ९१.६ टंच म्हणजे २२ कॅरेट, ८३.३ म्हणजे २० कॅरेट, ७५ म्हणजे १८ कॅरेट. सगळा व्यवहार या आकड्याभोवती फिरतो आणि बहुतेक जण तो विचारतच नाहीत.

टप्पा १: घरीच डाग वेगळे करा

डाग म्हणजे डागिना. सगळं सोनं एका पुरचुंडीत बांधून नेऊ नका. एकत्र वजन, एकत्र टंच आणि एकत्र गाळणं झालं, की बावीस कॅरेटच्या बांगडीला अठरा कॅरेटच्या कुडकांची सरासरी लागते. घरी बसून ढीग करा:

- शिक्का असलेले डाग
- शिक्का नसलेले, गावच्या सोनारानं घडवलेले
- लाखेवर घडवलेले किंवा पोकळ: जुने गोठ, पाटल्या, मोठे मणी
- खडे, मोती, काळे मणी असलेले: पोत, नथ, टीक
- तुटकी साखळी, एकच उरलेलं कुडकं, निघालेली कडी

बिल सापडलं तर ज्या त्या डागासोबत ठेवा. ज्या पेढीचं बिल आहे, तिथे पहिली चौकशी करा. स्वतः विकलेला माल परत घेताना पुष्कळ ठिकाणी कपात कमी असते, आणि ‘हे सोनं हलकं आहे’ असं म्हणणं त्यांना जड जातं. परत घेण्याची अट बिलाच्या मागे बारीक अक्षरात छापलेली असते, ती चष्मा लावून वाचा.

काय मोडायचं हेही आत्ताच ठरवा. कारागिरी चांगली असलेली वज्रटीक किंवा पुतळ्यांची माळ मोडीत सोन्याच्याच भावानं जाते, घडणावळीचा एक रुपयाही परत येत नाही. तीच पुन्हा घडवायला गेलात तर घडणावळ पूर्ण मोजावी लागेल. म्हणून आधी तुटकं-फुटकं काढा. अडचण दोन-चार महिन्यांचीच असेल, म्हणजे पेरणीला पैसे हवेत आणि कापूस विकला की हाती येणार आहेत, तर मोडण्याआधी बँकेत सोनेतारणाची चौकशी करा.

आणि डागिना ज्या बाईचा आहे, तिला विचारून आणि शक्यतो तिला सोबत घेऊन जा. सांगायला नको, पण सांगावं लागतं.

सावध: दारावर ‘सोनं उजळून देतो’ म्हणत येणाऱ्याच्या हातात डाग देऊ नका. तो ज्या पाण्यात बुडवतो ते आम्ल असतं. डाग चकचकीत होऊन परत येतो आणि थोडं सोनं त्याच्या भांड्यात राहतं. मोडायच्या सोन्याला उजाळा लागतच नाही.

टप्पा २: वजन, आणि तोळ्याचा घोळ

आजी म्हणते पोत पाच तोळ्यांची. काटा म्हणतो पन्नास ग्रॅम. घरात भांडण सुरू.

जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. आजचा बाजारातला तोळा सरळ दहा ग्रॅमचा. जुन्या हिशेबानं पाच तोळे म्हणजे ५८.३२ ग्रॅम, नव्यानं ५०. वहीत लिहिलेला तोळा कोणता, हे वहीच्या काळावरून आणि कोणी लिहिलं यावरून कळतं. तेव्हा दुकानात फक्त ग्रॅममध्ये बोला, तोळ्यात नको.

निघण्याआधी प्रत्येक डाग वेगळा मोजून घ्या. घरी काटा नसेल तर ओळखीच्या सराफाकडे ‘फक्त वजन करायचंय’ म्हणून सांगा. मिलिग्रॅम दाखवणारा काटा हवा, किराण्याचा चालणार नाही. वजन कागदावर लिहा आणि डाग काट्यावर असताना, आकडा दिसेल असा फोटो घ्या. पुढे वाद झालाच तर हाच फोटो कामी येतो.

टप्पा ३: शिक्के वाचा

भिंग घ्या. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघा. शिक्का बहुतेक फाशाजवळ, कडीवर किंवा बांगडीच्या आतल्या बाजूला असतो.

हल्लीच्या हॉलमार्कमध्ये तीन गोष्टी असतात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, कॅरेट व शुद्धता (जसं २२के९१६) आणि अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा एचयूआयडी क्रमांक. हा क्रमांक जुलै २०२१ पासून आला आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याच्याशिवाय हॉलमार्कचा डागिना दुकानात विकायला बंदी झाली. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो क्रमांक टाका. डागाचा प्रकार आणि शुद्धता तिथे दिसते. हातात साखळी आणि ॲपवर अंगठी दिसली तर गडबड आहे.

त्याआधीच्या हॉलमार्कवर हा क्रमांक नसतो. त्यावर बीआयएसचं चिन्ह, ९१६ सारखा आकडा, तपासणी केंद्राची आणि सराफाची खूण असते. तो डाग विकता येतो. क्रमांकाची सक्ती नवा माल विकणाऱ्या सराफावर आहे, घरचं जुनं सोनं मोडणाऱ्यावर नाही. ‘नवा क्रमांक नाही म्हणून दहा टक्के कमी’ असं कोणी म्हणालं तर पुढच्या दुकानात जा. दोन ग्रॅमच्या आतल्या डागाला हॉलमार्कची सक्तीच नाही, त्यामुळे चिमुकल्या नथीवर शिक्का शोधत बसू नका.

‘केडीएम’ असं कोरलेलं असतं, त्याला लोक हॉलमार्क समजतात. तो हॉलमार्क नव्हे. तो शब्द कॅडमियमच्या झाळेवरून, म्हणजे सांधे जोडायच्या धातूवरून, आला. डागाची शुद्धता कोणी तपासल्याची ती खूण नाही.

शिक्का नसलेलं सोनं बरंच असेल, तर सराफाकडे जाण्याआधी बीआयएस मान्यताप्राप्त तपासणी केंद्रातून टंचाचा अहवाल घ्या. सामान्य ग्राहकालाही तिथे डाग तपासून मिळतो. चार नगांपर्यंत मिळून २०० रुपये आणि पाच किंवा जास्त असतील तर नगामागे ४५ रुपये, असा दर बीआयएसनं ठरवून दिला होता. जाण्याआधी फोनवर सध्याचा दर विचारा. लाख-दीड लाखाच्या व्यवहारात हे पैसे म्हणजे चहापाणी.

टप्पा ४: दिवस आणि भाव

आखाजी (अक्षय्य तृतीया), धनत्रयोदशी, गुरुपुष्य, लग्नसराईतली रविवारची दुपार या वेळी मोड घेऊन जाऊ नका. गल्ल्यावर गर्दी असते, कारागिराला वेळ नसतो आणि तुमच्यासमोर एकेक डाग तपासायची कोणाची तयारी नसते. मधल्या वारी सकाळी अकराच्या सुमाराला गेलात तर बसायला जागा आणि बोलायला माणूस मिळतो.

भाव बघताना तीन गोष्टी बघा. तो २४ कॅरेटचा की २२ चा? दहा ग्रॅमचा की एक ग्रॅमचा? आणि जीएसटी धरून की सोडून? या तिसऱ्यातच गल्लत होते. पेपरात पुष्कळदा जीएसटीसह भाव छापतात. एक लाखाचा भाव तिथे १,०३,००० दिसतो. मोड विकताना मिळतो तो जीएसटीशिवायचा भाव. तीन हजारांवरून सराफाशी हुज्जत घालणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यात चूक सराफाची नव्हती. तुलनेला इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचा दर वापरा. तो कामकाजाच्या दिवशी दोनदा निघतो आणि त्यात जीएसटी नसतो.

उलट बाजूही सांगतो. तुम्ही व्यापारी नाही, घरचं सोनं विकताय, तर त्यावर जीएसटी लागत नाही. सरकारनं २०१७ मध्येच हे स्पष्ट केलं. ‘जीएसटीचे तीन टक्के कापतो’ असं कोणी म्हणालं, तर ती त्याची स्वतःची कपात आहे, सरकारची नाही.

टप्पा ५: दुकानात आधी वजन, मग टंच

तीन दुकानं तरी करा. पहिल्याच दुकानात ‘आज पैसे लागतीलच’ असं बोलून टाकू नका.

काटा तुमच्याकडे तोंड करून हवा आणि डाग ठेवण्याआधी शून्यावर हवा. पंखा जोरात असेल तर बंद करायला सांगा, मिलिग्रॅमचा काटा वाऱ्यानंही हलतो. काट्यावर वैधमापन खात्याची मुद्रा असते, तिचा दाखला दरवर्षी नवा करावा लागतो. तो दुकानात लावलेला असतो, बघून घ्या.

खडे, मोती, काळे मणी, दोरा यांचं वजन अंदाजानं कापू देऊ नका. ‘खड्यांचे दोन ग्रॅम धरू’ हे वाक्य ऐकलं की थांबा. खडे तुमच्यासमोर काढायला सांगा, सोनं पुन्हा मोजा आणि खडे पुडीत बांधून घरी न्या. लाखेच्या गोठांचंही तेच: लाख काढल्याशिवाय वजन खरं नाही.

मग टंच. तीन रीती आहेत.

कसोटीचा दगड सगळ्यांत जुना. डाग दगडावर घासतात, शेजारी ठरलेल्या टंचाच्या सळईची रेघ ओढतात, आम्ल लावतात आणि रंगावरून ठरवतात. जाणत्याचा डोळा थक्क करणारा असतो, पण तो डोळा त्याचा आहे, तुमचा नाही. अंदाजापुरतं ठीक.

यंत्र, म्हणजे एक्स-रेवर चालणारं टंच मशीन. मिनिटभरात आकडे पडद्यावर येतात आणि डाग जसाच्या तसा राहतो. फक्त ते वरच्या पातळ थराचाच टंच सांगतं. मुलामा असेल तर जास्त दाखवेल. झाळेच्या सांध्यावर धराल तर कमी दाखवेल. म्हणून एकाच डागाचे तीन-चार ठिकाणी टंच घ्यायला सांगा: मण्यावर, कडीवर, फाशावर.

तिसरी, गाळून टंच काढणं. सगळ्यांत भरवशाची, पण मागे फिरता येत नाही. ती शेवटी.

तपासा: यंत्राच्या आकड्यांची छापील चिठ्ठी मागा. चिठ्ठी निघत नसेल तर पडद्याचा फोटो घ्या. तीन दुकानांच्या टंचात एक-दीडचा फरक समजण्यासारखा आहे. पाच-सहाचा असेल तर कोणीतरी झाळेवर बोट ठेवलंय, किंवा डागाचे भाग वेगवेगळ्या सोन्याचे आहेत.

टप्पा ६: हिशेब कागदावर, शुद्ध ग्रॅममध्ये

बहुतेकांचे पैसे या टप्प्यावर जातात, म्हणून इथे सावकाश वाचा.

हिशेबाला सोपा म्हणून २४ कॅरेटचा भाव दहा ग्रॅमला १,००,००० रुपये धरू, म्हणजे ग्रॅमला १०,०००. खरा भाव त्या दिवशीचा घाला. एक जुनी पोत आहे, वजन २५.१५० ग्रॅम. काळे मणी आणि दोरा निघाले २.७५० ग्रॅम. सोनं उरलं २२.४०० ग्रॅम. टंच आला ८४.

शुद्ध सोनं: २२.४०० × ०.८४ = १८.८१६ ग्रॅम.
पूर्ण किंमत: १८.८१६ × १०,००० = १,८८,१६० रुपये.

हा आकडा तुमची फूटपट्टी. आता तीन दुकानं काय म्हणाली ते बघा.

पहिला म्हणाला, ‘टंचाप्रमाणे चोविसाचा भाव देतो, तीन टक्के कपात.’ म्हणजे १,८२,५१५.

दुसरा म्हणाला, ‘आमच्याकडे कपात शून्य! बावीसचा पूर्ण भाव, टंचाप्रमाणे.’ ऐकायला हा सगळ्यांत गोड. पण २२ कॅरेटचा भाव ९,१६०, आणि त्यालाच त्यानं पुन्हा ०.८४ नं गुणलं: १,७२,३५५. शून्य कपातवाला पहिल्यापेक्षा दहा हजारांनी खाली. त्यानं अशुद्धी दोनदा कापली, एकदा भावात आणि एकदा टंचात. बावीसचा भाव लावायचाच असेल तर आधी वजन बावीसच्या सोन्यात बदलावं लागतं: २२.४०० × ८४ ÷ ९१.६ = २०.५४१ ग्रॅम. मग ते ९,१६० नं गुणा, उत्तर पुन्हा १,८८,१६० च्या जवळच येतं.

तिसरा म्हणाला, ‘मशीन-बिशीन नको, वीस कॅरेट धरतो, दहा टक्के घट.’ म्हणजे ८,३३० चा भाव, वजा दहा टक्के: १,६७,९३३. टंच तर त्यानं जवळपास बरोबर ओळखला, पण घट खिशात घातली.

कपात किती टक्के असा प्रश्न विचारूच नका. ‘या डागाचे हातात किती रुपये?’ एवढंच विचारा आणि तो आकडा आपल्या फूटपट्टीला लावा. टंचाचा हिशेब झाल्यावर दोन-तीन टक्के गेले तर मी ओढाताण करत नाही. गाळणं आणि शुद्ध करणं हा त्याचाही खर्च आहे. त्यापुढे गेला तर पायऱ्या उतरायच्या.

बदलीत नवा डाग घ्यायचा असेल तर हिशेब वेगळा. ‘जुन्याला शंभर टक्के भाव’ ही पाटी खरीही असते, फक्त पैसे नव्या डागात वसूल होतात. दोन लाखांचं सोनं देऊन दोन लाखांच्याच सोन्याचा डाग घेतला आणि घडणावळ १२ टक्के असेल तर २४,००० घडणावळ, मग २,२४,००० वर तीन टक्के जीएसटी ६,७२०. म्हणजे ३०,७२० रुपये वर द्यावे लागले. लग्नासाठी नवा डाग हवाच असेल तर बदली बरी. पैसे हवे असतील तर पाटीकडे बघू नका.

टप्पा ७: गाळणं

आकडा तोंडी नाही, कागदावर ठरल्यानंतरच मूस तापवायची. आमच्या घरी उलटं झालं होतं. आईच्या पाटल्या ओळखीच्या माणसाकडे दिल्या, चहा आला, गप्पा झाल्या, आणि आतून लगड, म्हणजे गाळलेल्या सोन्याची कांडी, बाहेर आली ती आमच्या वहीतल्या वजनापेक्षा सहा ग्रॅमनं कमी. ‘आत लाख होती,’ असं सांगितलं. असेलही. पाटल्या उरल्याच नव्हत्या, तर बघणार काय?

गाळताना:

१. समोर गाळत असतील तरच द्या. ‘आत कारखान्यात पाठवतो’ म्हणाले तर तुम्हीही आत जा.
२. मूस रिकामी आहे का, आधीचं काही चिकटलेलं आहे का, ते बघा.
३. गाळण्याआधीचं वजन कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.
४. ओतून झाल्यावर मुशीच्या तळाला टाकणखाराच्या काचेत अडकलेले सोन्याचे रवे खरवडून घ्यायला सांगा. ते कोणाला मागायला लाज वाटते. सराफ बाजाराच्या गटारीतली माती धुऊन झारेकरी पोट भरतात, हे आठवा आणि मागा.
५. लगड थंड आणि कोरडी करून मोजा, तिचा टंच दोन्ही बाजूंनी घ्या.

गाळल्यावर वजन थोडं घटणार, मळ आणि लाख जळते. मात्र त्यामुळे टंच घटायला नको. वजनही घटलं आणि टंचही घटला, तर कारण विचारा. आणि हिशेब लगडीच्या वजनावर होत असेल तर वेगळी ‘घट’ लागू होत नाही, ती आगीत आधीच निघून गेली.

सावध: गाळल्यावर टंच ठरल्यापेक्षा कमी आला आणि सौदा पटला नाही, तर लगड घेऊन घरी जायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. हे गाळण्याआधीच बोलून ठेवा.

टप्पा ८: पैसे आणि पावती

आधार आणि पॅन सोबत ठेवा. ओळखपत्र मागणारा सराफ संशय घेत नाही, चोरीचा माल आपल्या गळ्यात पडू नये म्हणून काळजी घेतो. न मागणाऱ्यापासून मी जरा लांबच राहतो.

दहा हजारांवरची रक्कम व्यापारी रोखीत द्यायला नाखूश असतो, कारण तो खर्च त्याला आयकरात धरता येत नाही. ‘बिल नको, रोख घ्या, थोडे जास्त देतो’ असं कोणी म्हणालं तर लक्षात ठेवा: एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेतली तर दंड घेणाऱ्याला होतो, आणि तो घेतलेल्या रकमेएवढा असू शकतो. घेणारे तुम्ही. पैसे खात्यावर घ्या, मोबाइलवर बँकेचा संदेश आल्याशिवाय लगड सोडू नका. उद्याच्या तारखेच्या चेकवर सोनं द्यायचं नाही, दुकान कितीही मोठं असो.

पावतीवर एकूण वजन, निव्वळ वजन, टंच, त्या दिवसाचा भाव, कपात आणि दिलेली रक्कम, असं सगळं वेगवेगळं लिहिलेलं हवं. ‘जुने सोने, रक्कम अमुक’ एवढीच ओळ असलेली पावती परत करून दुसरी मागा.

हॉलमार्कच्या डागाचा टंच शिक्क्यापेक्षा कमी निघाला, तर मूळ बिल घेऊन विकणाऱ्याकडे जा. नियमानुसार कमी भरलेल्या शुद्धतेच्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च भरपाई म्हणून मिळतो. यासाठी डाग न गाळता जपून ठेवायला हवा, आणि तक्रार ‘बीआयएस केअर’ ॲपवर करता येते. बाकी ग्राहक म्हणून तक्रारीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५.

टप्पा ९: कर

शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून शेतकऱ्याच्या घरातलं सोनंही करमुक्त, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. सोनं विकून झालेला नफा शेतीचं उत्पन्न नाही. २३ जुलै २०२४ पासून दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवलेल्या सोन्याच्या नफ्यावर १२.५ टक्के दर आहे, महागाईची वजावट नाही. त्याहून कमी काळ ठेवलं तर नफा नेहमीच्या उत्पन्नात धरतात.

नफा म्हणजे पूर्ण विक्री नव्हे, खरेदीची किंमत वजा करायची. आईकडून, सासूकडून आलेलं असेल तर त्यांनी घेतलं तेव्हाची किंमत आणि तेव्हापासूनचा काळ धरतात. १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या दिवसाची बाजारकिंमत खरेदी म्हणून धरता येते, तिचं मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांककाकडून करून घेतात. मूल्यांककाला डाग दाखवावा लागतो, म्हणून रक्कम मोठी असेल तर हे काम मुशीच्या आधीचं. आणि डाग गाळून गेला असेल, तर टप्पा दोनमधले फोटो आणि पावतीवरचं निव्वळ वजन सीएच्या पुढे ठेवा.